घड्याळ उघडायचा महिना

पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवारी बंगल्यावर येणारी मंडळी हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारतात. मनगटावरचं काही लाखांचं स्विस घड्याळ काढून माझ्या टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, “ताई, चालतंय तर छान, पण याची सर्व्हिसिंग नेमकी कधी करायची?” रोलेक्स साधारण दहा वर्षं सांगते. ओमेगा पाच ते आठ सांगते. माझे अण्णा दर वर्षी म्हणायचे. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त पहिली दोन स्वित्झर्लंडच्या हवेत बसून दिलेली आहेत. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. इथे कपाटातल्या चामडी बुटांना बुरशी येते, तिथे मनगटावरच्या यंत्राने दहा वर्षांचा आकडा का ऐकावा?

आमचं घराणं याच गावात तीन पिढ्या घड्याळं उघडत आलंय. आजोबा तळेगाव दाभाड्याहून आले आणि बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर टेबल टाकून बसले. त्यांच्यानंतर अण्णा, अण्णांनंतर मी. “घड्याळवाले कुठे गेलेत?” असं मलाच विचारणारं गिऱ्हाईक अजूनही येतं. मी डोळ्याची काच काढून त्याच्याकडे नुसती बघते. तर घड्याळ कधी उघडायचं, हा प्रश्न या गावात श्रीमंत माणसाने आणलेला नाही. तो रेल्वेने आणला.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत १८५८ मध्येच धावू लागली होती. खालून मुंबईची गाडी खोपोलीपर्यंत यायची. मधला घाट मात्र उतारूंनी पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी चढायचा. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी बोरघाटाचा चढ खुला केला तेव्हा ही मधली तुटक जागा सांधली गेली. पंधरा मैलांत अठराशे फुटांहून जास्त चढ, पंचवीस बोगदे, आणि काही ठिकाणी सदतीस फुटांना एक फूट अशी उभी वाट. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते काम पुढे नेलं. शाळेच्या पुस्तकात हे नाव नव्हतं, मला फार उशिरा कळलं. माझ्या टेबलावर बसायला लागल्यावर कळलं असतं तर पहिल्या काही वर्षांत बरं वाटलं असतं.

घाट आला म्हणजे मिनिट आलं. खालून येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिन लागतं. वरून उतरणाऱ्या गाडीला थांबून ब्रेक तपासावे लागतात. एक गाडी पाच मिनिटं अडली की तिच्यामागच्या सगळ्या अडतात, आणि उतारावर अडणं कुणालाच परवडत नाही. म्हणून रेल्वेच्या नियमांमध्ये घड्याळासाठी स्वतंत्र कलमं आहेत आणि ती आजही तशीच आहेत. प्रमाणवेळ रोज सोळा वाजता, म्हणजे दुपारी चारला, सगळ्या मुख्य स्टेशनांना कळवायची. गाडी जिथून सुटते किंवा जिथे गाडीवरची माणसं बदलतात तिथे गार्डने आपलं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी लावायचं आणि ती वेळ ड्रायव्हरला सांगायची. मग ड्रायव्हरने आपलं लावायचं. एका माणसाचं घड्याळ दुसऱ्याच्या घड्याळाशी रोज ताडून बघितलं जाणार, असा हा बंदोबस्त.

यातून गावाला एक सवय लागली. अण्णा लहान असताना दुपारी चारच्या सुमाराला आजोबा त्यांना स्टेशनवर पिटाळायचे. हातात खिशातलं एक वेस्ट एंड कंपनीचं घड्याळ, ते स्टेशनच्या घड्याळाशी लावायचं आणि पळत दुकानात आणायचं. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ मग त्यावर लावलं जायचं आणि गिऱ्हाइकांची घड्याळं त्या भिंतीवरच्यावर. दुरुस्तीला आलेलं घड्याळ आठ-दहा दिवस टांगून ठेवायचं, रोज चारला फरक लिहायचा. उघडायचं की नाही ते या फरकावर ठरे. रोज एक मिनिट मागे पडतंय, पण रोज तेवढंच? मग रेग्युलेटरचा काटा जरा सरकवला की झालं, उघडायचं कारण नाही. एक दिवस वीस सेकंद पुढे, दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं मागे, तिसऱ्या दिवशी बरोबर? ते आतून आजारी आहे. चूक किती यापेक्षा चूक रोज बदलते का, याला आजोबा जास्त मान द्यायचे.

अमेरिकेत हीच अक्कल अपघातातून आली. १८ एप्रिल १८९१ ला ओहायोतल्या किप्टनला मेल आणि पॅसेंजर समोरासमोर धडकल्या. एका ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून आपोआप पुन्हा सुरू झालं होतं आणि त्याला ते कळलंच नाही, अशी तिकडे सांगितली जाणारी हकिगत आहे. त्यानंतर वेब बॉल नावाच्या क्लीव्हलंडच्या घड्याळजीला रेल्वेवाल्यांनी घड्याळं तपासायला नेमलं. आठवड्याला तीस सेकंदांहून जास्त फरक चालणार नाही, दर पंधरवड्याला तपासणी, अशी शिस्त त्याने घातली. पुरतं बंद पडलेलं घड्याळ निरुपद्रवी असतं, कारण ते सगळ्यांना दिसतं. मध्येच थांबून परत चालणारं घड्याळ माणसं मारतं.

आता या सगळ्यात गंमत अशी की लोणावळ्यात बरोबर वेळ कुठली, यावरच एकमत नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची आणि ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होती. १९०६ च्या सुरुवातीला भारतीय प्रमाणवेळ आली, तिला मुंबईने मनापासून जवळ केलं नाही. गिरणी कामगार बिथरले, महापालिकेत वाद झाले, आणि मुंबईची स्वतःची वेळ, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, पन्नाशीच्या दशकापर्यंत तग धरून राहिली. मे महिन्यात मुंबईचे पारशी, गुजराती, बोहरी लोक बंगल्यांवर येत, त्यांच्यातले काही घरची वेळ घेऊन येत. एका शेटजींनी आजोबांकडे तक्रार केली होती की तुमच्या गावाला आलो की घड्याळ पाऊण तास मागे पडतं, हवेचा काही परिणाम आहे का. आजोबांनी घड्याळ ठेवून घेतलं, दोन दिवसांनी तसंच परत दिलं आणि पैसे घेतले नाहीत. अण्णांच्या मते घ्यायला हवे होते.

खरं तर सूर्याला विचारलं तर लोणावळा प्रमाणवेळेच्या सुमारे छत्तीस मिनिटं मागे आहे. मावळातल्या गावांना मद्रासची वेळ, मुंबईची वेळ, प्रमाणवेळ, कशाचंच सोयरसुतक नव्हतं. मळवली, कामशेत, वडगावच्या शेतावरून माणसं गाडी बघून भाकरी सोडायची. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हापासून कित्येक घरांत संध्याकाळची चूल तिच्यावर पेटली असेल.

आता तेलाकडे येते, कारण सर्व्हिसिंगचा सगळा मुद्दा तेलाचा आहे. जुनं हातचावीचं घड्याळ तासाला अठरा हजार ठोके देतं. दिवसाला चार लाख बत्तीस हजार, वर्षाला पंधरा कोटी शहात्तर लाख. बॅलन्सच्या, म्हणजे आत मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या, आसाची टोकं केसाएवढी बारीक, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, आणि ती माणकाच्या भोकात फिरतात. त्या भोकात तेलाचा थेंब सुद्धा म्हणता येणार नाही एवढं तेल असतं. आजोबांच्या काळात हे तेल पॉर्पॉइज नावाच्या, डॉल्फिनच्या भावकीतल्या समुद्री प्राण्याच्या जबड्यातून यायचं. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड बंदरातला विल्यम नाय त्यासाठी जगभर नावाजलेला. शुद्ध शाकाहारी शेटजींना आजोबांनी ही माहिती कधी दिली नाही.

प्राणिज तेल हवेत राहिलं की बिघडतं. आधी पातळ होऊन पसरतं, मग घट्ट होतं, शेवटी कडेला चिकटून बसतं. आमच्या गावात समजावणं सोपं: चिक्कीचा पाक गार होताना बघितलाय ना, तसं. त्यात धूळ मिसळली की ते तेल राहत नाही, पॉलिश पेपरचं काम करतं आणि पोलादी आस झिजवतं. हे होताना घड्याळ चालूच असतं, आणि बरोबर वेळ दाखवतच असतं. लोकांना हे पटत नाही. “चालतंय ना” हा घड्याळाच्या प्रकृतीचा पुरावा नव्हे, हे सांगून अण्णा थकले.

त्यात आमची हवा. जुन्या घड्याळांची झाकणं नुसती दाबून बसवलेली असत, रबराची रिंग वगैरे काही नसे. जून ते सप्टेंबर दमट हवा सरळ आत-बाहेर करायची. पोलादाच्या स्प्रिंगवर तांबूस ठिपके यायचे, तेल चिकट व्हायचं. म्हणून आजोबांचा नियम एकच: घड्याळ उघडायचं ते दिवाळीनंतर, कार्तिकात. पाऊस संपला, हवा कोरडी झाली, टेबलावर उघडून ठेवलेले भाग चार तासांत गंज धरणार नाहीत, आणि साफ करून घातलेल्या नव्या तेलाला पुढचे सात-आठ महिने तरी चांगले मिळतील. मे महिन्यात कुणी चालतं घड्याळ साफ करायला आणलं तर ते परत पाठवत. पावसाच्या तोंडावर साफ केलेलं घड्याळ म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे, हे त्यांचं बोलणं अण्णांना पाठ होतं.

या नियमाचा पुरावा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. घड्याळजी घड्याळ साफ केलं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख आणि आपली खूण कोरून ठेवतो. मालकाला ती कधीच दिसत नाही, पुढच्या घड्याळजीसाठी असते. लोणावळ्याच्या एका गार्डसाहेबांचं चांदीचं खिशातलं घड्याळ, डायलवर वेस्ट एंड वॉच कंपनी, मुंबई, कलकत्ता. झाकण उघडून काचेतून बघितलं तर आत आजोबांचं बारीक तिरकं अक्षर: ११-३१, ११-३२, १२-३३. दर वर्षी एक, नोव्हेंबर नाहीतर डिसेंबर. रांग १९४१ पर्यंत येते आणि थांबते. मग एकदम ४-४७. महिना बघा, एप्रिल. म्हणजे साफ करायला आणलेलं नव्हतं, बंद पडलं म्हणून आणलेलं. आणि तारखेच्या शेजारी एक छोटा त्रिकोण, ही आजोबांची खूण: बॅलन्सचा आस नवा घातला. लढाईच्या दिवसांत माल मिळत नव्हता, गार्डसाहेबांची बदली झाली, की नुसता आळस, हे झाकण सांगत नाही. पाच पावसाळे न उघडता गेले आणि आस गेला, एवढं सांगतं. दर वर्षी साफ करण्याचे रुपये दोन-अडीच वाचले असतील. नवा आस लेथवर कातायला आजोबांना दोन दिवस लागले असतील.

ज्या सुमाराला आजोबांनी टेबल टाकलं, त्याच सुमाराला घाटात वीज आली. खालच्या खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून होतंच, वळवणच्या धरणाचं पाणी त्यासाठीच उताराला लागलं होतं. १९२९ मध्ये कल्याण ते पुणे मार्ग विजेवर गेला आणि बोरघाटातलं ते जुनं गाडी उलटी फिरवायचं रिव्हर्सिंग स्टेशनही बंद झालं. मालगाड्या ओढायला आलेल्या इंजिनांना रेल्वेचे लोक खेकडा म्हणत. त्यांतली पहिली काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरच्या कारखान्यातली होती. स्विस खेकड्याच्या केबिनमध्ये स्विस घड्याळ घेऊन बसलेले मावळातले ड्रायव्हर, हे चित्र मला फार आवडतं.

विजेबरोबर एक नवा रोग आला. बिनचूक चालणारं घड्याळ अचानक दिवसाला दहा-दहा मिनिटं पुढे पळायला लागायचं. आजोबा पहिल्यांदा चक्रावले, साफ करून दिलं तरी तेच. मग उमजलं की इंजिनातल्या विजेच्या मोटरींचं चुंबक लागतंय. बॅलन्सवरची ती केसासारखी स्प्रिंग चुंबकली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावतं. पुढे १९५७ मध्ये ओमेगाने चुंबकाला दाद न देणारं घड्याळ काढलं तेव्हा त्याचं नावच रेलमास्टर ठेवलं. आज ट्रॅक्शन मोटर लांब राहिली; मोबाइलचं कव्हर, पर्सचं बटण, लॅपटॉपचं झाकण पुरतं. घड्याळ एका रात्रीत पुढे पळायला लागलं तर ती सर्व्हिसिंगची वेळ नव्हे. चुंबक उतरवायचं यंत्र माझ्याकडे आहे, काम एका मिनिटाचं. ज्याने त्यासाठी पूर्ण ओव्हरहॉलिंगचे पैसे घेतले, त्याने फसवलं असं समजा.

१९६१ पासून एचएमटी आली आणि आमचं गिऱ्हाईकच बदललं. बंगलोरला जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनायला लागली, आणि पहिल्यांदा शेतकऱ्याच्या मनगटावर घड्याळ दिसू लागलं. लग्नात जावयाला जनता नाहीतर पायलट. मावळात आषाढात भाताची लावणी गुडघाभर चिखलात होते आणि जावईबापू घड्याळ काढून ठेवत नाहीत, कारण ते दाखवायला तर घातलेलं. पाणी शिरायचं. मग घरचा उपाय, घड्याळ भाताच्या कणगीत पुरून ठेवायचं, पाणी ओढून घेतं म्हणून. पाणी ओढलं जायचं की नाही कोण जाणे, कोंड्याची पूड मात्र आत जायची. आणि दुकानात यायचं ते दिवाळीनंतर, भात विकून पैसा हाती आल्यावर! आजोबांचा कार्तिकाचा नियम या लोकांनी भलत्याच कारणासाठी पाळला. तोवर आत गंजाचा चुरा झालेला. अण्णा कामशेतच्या बाजारात भेटेल त्याला बजावायचे: साफ करायचं असेल तर सुगीनंतर आण, पण भिजलं तर त्याच दिवशी आण, पैसे सुगीनंतर दे. उधारीची ती वही मी पाहिली आहे. बऱ्याच नावांवर काट मारलेली नाही.

भिजलेल्या घड्याळाला मुहूर्त नसतो, हा आमच्या धंद्यातला एकमेव बिनशर्त नियम. काचेच्या आतून वाफ दिसली, मग ती तासाभराने गेली तरी, घड्याळ उघडलंच पाहिजे. वाफ गेली म्हणजे पाणी गेलं असं लोक समजतात. ते फक्त काच सोडून पोलादावर जाऊन बसलेलं असतं.

अण्णांच्या या सगळ्या रिवाजाला शिस्त लावली ती आयएनएस शिवाजीतल्या एका इंजिनियर अधिकाऱ्याने. नौदलाचं हे प्रशिक्षण केंद्र १९४५ पासून इथे आहे, आणि तिथल्या लोकांचं अर्धं आयुष्य जहाजाची यंत्रं कधी उघडायची हे ठरवण्यात जातं. त्यांनी अण्णांना सांगितलं की यंत्र उघडायच्या दोन पद्धती असतात, एक तास मोजून आणि एक लक्षणं बघून. तास मोजायचे ते यंत्र बोलत नाही म्हणून. बोलणाऱ्या यंत्राचं ऐकावं. अण्णांना हे इतकं पटलं की त्यांनी गिऱ्हाइकांना द्यायला चिठ्ठ्या छापून घेतल्या. वर दुकानाचं नाव, खाली चौदा ओळी, प्रत्येक ओळीत तारीख, किती पुढे, किती मागे, आणि रात्री घड्याळ कसं ठेवलं: सपाट, उभं, की हातात. आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे पिप ऐकायचे आणि आकडा लिहायचा. चिठ्ठी भरून आणल्याशिवाय अण्णा घड्याळाचं झाकण काढत नसत. सपाट ठेवल्यावर ठीक आणि उभं ठेवल्यावर बरंच मागे, असं चिठ्ठीत दिसलं की आसाची टोकं नाहीतर तेल गेलं. एका चावीवर सदतीस तास चालणारं पंचवीस तासांत थांबायला लागलं, तरी तेच.

ही सगळी घडी क्वार्ट्झने मोडली. सेइकोने १९६९ च्या नाताळात क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ काढलं होतं, ते आमच्यापर्यंत टायटनच्या रूपाने ऐंशीच्या दशकात पोचलं. ते महिन्याला फार तर काही सेकंद चुकतं, मग रोज ताडून कशाला बघायचं? बॅटरी संपली की थांबतं, सेल घातला की चालतं. मध्ये तिसरी अवस्था नाहीच. अण्णांचं टेबल सेल आणि पट्टे विकण्यावर आलं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला तेव्हा अण्णा नव्हते, ते एक बरं. मला वाटतं, कारागिरापेक्षा मोठं नुकसान गिऱ्हाइकाचं झालं. घड्याळ लावायची रोजची सवय गेली, आणि तिच्याबरोबर आपल्या घड्याळाचा स्वभाव ओळखायची सवयही. आज लाखाचं घड्याळ घालणाऱ्याच्या खिशात मोबाइल असतो, बरोबर वेळ तो तिथे बघतो. घड्याळ दिवसाला किती चुकतं हे विचारलं तर गोंधळतो. आमच्या घाटातल्या साध्या गार्डला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

म्हणून दहा वर्षांचा आकडा. कंपनीलाही ठाऊक आहे की मालक ऐकणार नाही, तेव्हा मोजून सांगितलेलं बरं. आकडा थापेचाही नाही. आजची तेलं कृत्रिम आहेत, ती लवकर बिघडत नाहीत. स्प्रिंगा गंजत नाहीत. ही घड्याळं तासाला अठ्ठावीस हजार आठशे ठोके देतात, म्हणजे जुन्यांच्या दीडपटीहून जास्त, तरी टिकतात. स्वित्झर्लंडमध्ये तपासून दाखला मिळालेलं घड्याळ दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढ्यात राहायला हवं. पाच-सहा वर्षं झालेलं तुमचं घड्याळ या मापात आहे आणि रोज सारखंच वागतंय, तर मी झाकणाला हात लावणार नाही. प्रत्येक वेळी उघडणं म्हणजे स्क्रूचं डोकं खरवडण्याची, धूळ आत जाण्याची आणि घड्याळाची बाहेरची केस घासून चकचकीत करून तिच्या कडा गोल करण्याची आणखी एक संधी.

पण एका गोष्टीत आजोबांचा नियम मला उलटा करावा लागला. त्यांची घड्याळं उघडी होती, पाऊस आत शिरणारच होता, म्हणून पाऊस संपल्यावर साफसफाई. आजची घड्याळं बंद आहेत. चावीला, काचेला, मागच्या झाकणाला रबराच्या रिंगा असतात आणि पाणी बाहेर ठेवायचं सगळं काम त्या करतात. तेल दहा वर्षं टिकेल. रबर टिकत नाही, घाम, साबण आणि उन्हाने ते कडक होतं. डायलवर शंभर मीटर लिहिलेलं असतं ते घड्याळ नवं असतानाचं. भुशी धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं होतं, आता जुलैच्या रविवारी त्याच्या पायऱ्यांवर बसून माणसं डोक्यावरून पाणी घेतात, आणि सोमवारी माझ्याकडे वाफ धरलेली घड्याळं येतात. त्यातली निम्मी महागडी असतात. स्वस्त घड्याळवाला ते काढून खिशात ठेवतो. महाग घड्याळवाल्याचा डायलवरच्या अक्षरांवर विश्वास असतो.

तेव्हा घड्याळात पाणी शिरतं का हे तपासायचं ते पावसाच्या आधी, दर वर्षी. रिंगा बदलायच्या त्याही आधी. आणि मोठ्या कंपन्यांची पूर्ण सर्व्हिसिंग करायची असेल तर मे महिना उशिराचा झाला, कारण बहुतेक कंपन्या सुटे भाग माझ्यासारख्या टेबलावर बसणाऱ्याला देत नाहीत. घड्याळ पुण्या-मुंबईच्या अधिकृत केंद्रात जातं, कधी तिथून परदेशात, आणि दीड-दोन महिने त्याचा पत्ता लागत नाही. होळीच्या सुमाराला दिलं तर मृगाच्या आधी हातात येतं. मी गिऱ्हाइकांना होळी सांगते. देताना दोन गोष्टी लिहून घ्यायला सांगते: पॉलिश करू नये, आणि बदललेले भाग परत द्यावेत.

अण्णांच्या चिठ्ठ्या मी पुन्हा छापून घेतल्या, आता मोबाइलच्या वेळेशी ताडायचं एवढाच फरक. पाण्याच्या तपासणीचे मी पैसे घेते, चिठ्ठीचे घेत नाही. घेऊन सगळे जातात, भरून आणणारे फार थोडे. पुणे-लोणावळा लोकलवरचे एक निवृत्त मोटरमन मात्र दर पंधरवड्याला भरलेली चिठ्ठी घेऊन येतात, कोपरे न दुमडता, आकडे पेनाने. घड्याळ एचएमटी कोहिनूर, हातचावीचं. रोज बारा सेकंद पुढे, सपाट ठेवा नाहीतर उभं. मी चिठ्ठी वाचते आणि सांगते, काका, यंदाही उघडायचं कारण नाही. ते जरा हिरमुसतात आणि नवी चिठ्ठी मागून घेतात.